तुषार संचाची वीज कालव्याच्या आराखड्यातच धरा

पाणी वाचवायचं म्हणून कालव्याखालच्या शेताला तुषार संच बसतो आणि वीज कुठून आणायची हा प्रश्न पाइप गाडून झाल्यावर पुढे येतो. सोलापूर जिल्ह्यात कुठल्याही टेलच्या (कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या) गावात हेच ऐकायला मिळतं. अमेरिकेतल्या नवाहो या मूळ रहिवासी लोकांच्या जमिनीवर ही गाठ फार मोठ्या आकारात पडली.

न्यू मेक्सिकोत सान हुआन नदीवरच्या नवाहो धरणातून 1,10,630 एकर भिजवायचं, असं 1962 च्या कायद्याने ठरलं. वर्षाला 5,08,000 एकर-फूट पाणी, म्हणजे आपल्या भाषेत 22 टीएमसी. हेक्टरी साधारण 14,000 घनमीटर. मूळ आराखडा प्रवाही सिंचनाचा होता. 1976 साली पहिलं पाणी शेतात पोचलं ते मात्र तुषारने. पाणी कमी लागू लागलं, पण आता प्रत्येक शेताला दाब हवा, दाबाला पंप आणि पंपाला वीज. धरणावरचं 30 मेगावॅटचं वीजघर तर पुढे फार्मिंग्टन शहराने उभारलं. निधी रखडत गेला आणि ठरलेलं क्षेत्र अजूनही पूर्ण भिजत नाही. मला ही गोष्ट अन्यायाची वाटते.

आपला हिशेब असा मांडावा. तुषारला 2.5 किलो दाब, म्हणजे पाणी 25 मीटर उंच चढवण्याइतका जोर (हेड). हंगामात हेक्टरी 8,000 घनमीटर दिलं आणि पंप-मोटरची मिळून कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर हेक्टरी सुमारे 900 युनिट लागतात. विहिरीतून किंवा शेततळ्यातून उपसायची उंची यात वेगळी मिळवायची.

आता त्याच कालव्यावरचा धबधबा बघा, म्हणजे कालव्याचं पाणी एकदम खालच्या पातळीवर पडतं ती बांधीव जागा; तिथे टर्बाइन बसवून वीज काढता येते. 4 मीटर पडझड आणि सेकंदाला 5 घनमीटर (साधारण 175 क्युसेक) प्रवाह असेल, तर 9.81 × 5 × 4 × 0.8 म्हणजे 157 किलोवॅट. आवर्तनं (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या) मिळून 120 दिवस चालली, तर साडेचार लाख युनिट. पाचशे हेक्टरचा तुषार त्यावर निघतो! अट एकच: आवर्तन बंद असताना शेततळ्यावरचे पंप चालवायचे असतील, तर वीज ग्रीडला देऊन नंतर परत घेण्याचा करार आधी हवा.

बिघडतं कुठे? खालचा कालवा गाळाने आणि गवताने तुंबला की धबधब्याखालची पातळी वर चढते, 4 मीटरचे 3 होतात आणि पाव वीज गेलीच. दुसरं म्हणजे कचरा. उजनीची जलपर्णी आणि उसाचं पाचट जाळीवर चिकटलं की टर्बाइनला पाणी पुरत नाही. जाळी तिरपी ठेवून वरून दाताळ्याने ओढता यावी, शेजारी माणसाला उभं राहायला फळी हवी.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे वीज ट्रिप होणं. टर्बाइन थांबलं, पाणी अडलं, की वरच्या बाजूला काही मिनिटांत भराव ओलांडून पाणी शेतात घुसतं. म्हणून टर्बाइनला वळसा घालून पाणी पुढे सोडणारा बगल दरवाजा पूर्ण प्रवाहाच्या मापाचा आणि विजेशिवाय, वजनाने आपोआप उघडणारा असावा. खर्च कमी करायला नेमका हाच लहान करतात. पंपाच्या बाजूला हाच झटका रायझिंग मेनला, म्हणजे पंपापासून वर चढणाऱ्या मुख्य पाइपला बसतो. तिथे चांगला एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारी झडप), उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह (हवेची झडप).

उजनीवर 12 मेगावॅटचं उलटसुलट चालणारं यंत्र आहे: पाणी सोडताना वीज, विजेने पुन्हा पाणी वर. पण उजनीच्या 117 टीएमसीतलं 63 टीएमसी मृतसाठा. धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या खाली गेल्यावर कालव्यालाच पाणी नाही, मग धबधब्यावर वीज कुठली? म्हणून वर्षभराची वीज मांडताना चांगल्या पावसाचं साल धरू नका. ओळीने दहा वर्षांचे आवर्तनाचे दिवस पाटबंधारे शाखेतून मागून घ्या आणि त्यातल्या तिसऱ्या सगळ्यात वाईट सालावर यंत्राचं माप ठरवा.