मशीन होतं, तारीख मिळत नव्हती: पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीचा माझा अनुभव

माझी मुलगी आता सव्वा वर्षाची झाली, तरी त्या सोनोग्राफीचा विषय निघाला की अजून डोकं तापतं. बाकी सगळं नीट पार पडलं. उपकेंद्रात नाव नोंदवलं, माता-बाल संरक्षण कार्ड मिळालं, इंजेक्शनं, लोहाच्या लाल गोळ्या वेळेवर मिळाल्या. बाळंतपणही सरकारी दवाखान्यातच झालं. अडलं ते फक्त एका ठिकाणी.

पाचव्या महिन्यातली ही सोनोग्राफी साधारण 18 ते 20 आठवड्यांत व्हावी लागते. बाळाच्या हृदयाचे कप्पे, मणका, मेंदू, किडन्या तेव्हा नीट बघता येतात. काही गंभीर व्यंग दिसलंच तर पुढचा निर्णयही आठवड्यांवर असतो. 2021 च्या कायदादुरुस्तीनंतर गर्भपाताला 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, 24 पर्यंत ठरावीक कारणांसाठी दोघांचं लागतं, त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. म्हणून 'पुढच्या आठवड्यात या' हे शब्द पोटुशा बाईला किती जड जातात, ते सांगणाऱ्याला कळायला हवं.

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मशीन आहे. खोलीला मात्र कुलूप. रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून एकदाच बाहेरून येतात. त्या दिवशी सकाळी वहीत नावं घेतात आणि ठरलेली नावं झाली की वही मिटतात. मी पहिल्या एसटीने निघाले तरी पोचेपर्यंत वही मिटलेली. जवळ राहणाऱ्या बायका पहाटेच येऊन बसलेल्या, त्यांचा तरी काय दोष! पुढच्या खेपेला डॉक्टर रजेवर होते. ते आधी कुणी कळवलं नाही, दारावर कागदही लावला नव्हता. त्यानंतर एकदाचं नाव लागलं. सासूबाई सोबत होत्या. दुपारपर्यंत बाकावर बसलो, आत गेले, आणि सिस्टरने प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणलेली सोनोग्राफीची चिठ्ठी परत हातात दिली. "ताई, यावर कारण लिहिलेलं नाही. डॉक्टरांचं नाव नाही, सही नाही, नुसता शिक्का आहे. नाही करता येणार."

सासूबाईंनी विनवणी केली, पण उपयोग झाला नाही. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. लिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्येच कायदा केला, देशाचा कायदा 1994 चा. त्यात प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला एफ फॉर्म, म्हणजे सोनोग्राफी कशासाठी आणि कुठल्या डॉक्टरांनी सांगितली याची नोंद, भरावा लागतो आणि तो अर्धवट राहिला तर कारवाई डॉक्टरवर होते. मुलींसाठी तो कायदा हवाच. माझा राग आहे तो सकाळी वही घेऊन बसलेल्या माणसावर. चिठ्ठी त्याच्या हातात होती. तेव्हाच बघितली असती तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दुपारच्या आत सही घेऊन आले असते. माझा आणखी एक आठवडा त्या रिकाम्या रकान्यापायी गेला.

सुटका झाली ती 9 तारखेला. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी असते. आमच्या आरोग्य केंद्रात त्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम आल्या होत्या. कार्डावरचे आठवडे बघून त्यांनी तिथल्या तिथे नवी चिठ्ठी लिहिली: पाळीची तारीख, आठवडे, 'जन्मजात व्यंगांची तपासणी', खाली स्वतःचं नाव आणि सही. म्हणाल्या, "तालुक्याची वाट बघू नका, सरळ जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयात जा." दुसऱ्याच दिवशी तिथे सोनोग्राफी झाली. विसावा आठवडा संपत आला होता. डॉक्टर म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे, आणि मला तिथेच रडू फुटलं.

तर बायांनो, चौथा महिना लागला की तारखेच्या मागे लागा. चिठ्ठी हातात घेतल्याबरोबर कारण, आठवडे, डॉक्टरांचं नाव, सही हे सगळं तिथेच वाचून घ्या. आधीची मुलं असतील तर त्यांची वयंही फॉर्मवर विचारतात. निघण्याआधी डॉक्टर येणार आहेत का, हे आशाताईंना फोन करून विचारायला लावा. ओळखपत्र न्याच, माझ्या आधारवर माहेरचा पत्ता होता, म्हणून मी सासरच्या पत्त्याचं रेशनकार्डही ठेवलं होतं.

एक राहिलंच. सरकारी दवाखान्यात कुणी सोनोग्राफीचे पैसे मागितले तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं नाव घ्या. 2011 पासून त्यात तपासण्या, औषधं, रक्त, सिझेरियनसुद्धा मोफत आहे. बाळ आजारी पडलं तर वर्षभराचं होईपर्यंत त्याचेही उपचार मोफत आहेत. बाळंतपणानंतर 48 तास तरी दवाखान्यातच राहा, घरच्यांनी कितीही घाई केली तरी.

आमच्या आशाताई आता वस्तीवरच्या प्रत्येकीची चिठ्ठी सोळाव्या आठवड्यातच लिहून घेतात आणि सही आहे का ते स्वतः बघतात. तुमच्याकडे असं होत नसेल तर 9 तारखेला कार्ड घेऊन आरोग्य केंद्रात जा आणि चिठ्ठी हातात पडल्याशिवाय उठू नका.