नावाखालची पट्टी

चर्चेच्या कार्यक्रमात पाहुण्याच्या चेहऱ्याखाली जी पट्टी येते, ती मी लिहिते. नाव, आणि त्याखाली दोन-तीन शब्द. ११ वर्षं हे काम करतेय. त्या दोन-तीन शब्दांवरून कार्यक्रमच अडून बसला, असं एकदाच झालं.

विषय होता, तापमानवाढ माणसामुळे होते आहे का. या प्रश्नावर दोन खुर्च्या समोरासमोर मांडणंच मला पटलेलं नव्हतं, पण सकाळच्या मीटिंगमध्ये माझं कुणी ऐकलं नाही. एका खुर्चीत, नाही म्हणणारे, भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक बसणार होते आणि दुसरीत हवामानशास्त्रज्ञ. चार वाजता शास्त्रज्ञांचा फोन आला, घरी आजारपण, येता येणार नाही. सातला लाइव्ह होतं. हाताशी एकच नाव उरलं. कारखान्याच्या धुराड्यातले वायू मोजणाऱ्या यंत्रांवर २६ वर्षं काम केलेल्या एक बाई. शिक्षण डिप्लोमा. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात कसा, हे त्यांनी पूर्वी एका बातमीसाठी इतकं स्वच्छ सांगितलं होतं की मी त्यांचा नंबर जपून ठेवला होता.

मेकअप चालू असताना प्राध्यापकांनी मला बाजूला बोलावलं. "यांची पदवी कुठली?"

मी सांगितलं.

"मग मी कुणाशी बोलायचं?"

आवाजात उद्धटपणा नव्हता. आयुष्यभर पदवीला मान देत आणि घेत आलेल्या माणसाचा तो सरळ प्रश्न होता. संपादकांनाही तो पटला. बाईंना राहू दे, सरांची मुलाखतच करू, म्हणाले. म्हणजे पदवी नाही म्हणून एक खुर्ची रिकामी, आणि पदवी आहे म्हणून दुसऱ्या खुर्चीला २० मिनिटं अडवणारं कुणी नाही.

मी उभ्याउभ्याच संपादकांना गाय कॅलेंडर या माणसाबद्दल सांगितलं. हा वाफेच्या तंत्रात काम करणारा ब्रिटिश अभियंता. हवामानाचा अभ्यास हा त्याचा फावल्या वेळेतला उद्योग. जगभरच्या १४७ केंद्रांच्या तापमानाच्या नोंदी त्याने हाताने आकडेमोड करून जुळवल्या आणि १९३८ साली लंडनच्या रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे मांडलं की पृथ्वी तापते आहे आणि त्यात जाळलेल्या कोळशाचा वाटा आहे. समोरच्या तज्ज्ञांना ते पटलं नाही. तापमान वाढल्याचं त्याचं गणित मात्र आजच्या हिशेबांशी चांगलं जुळतं.

"असा एक," संपादक म्हणाले, "आणि त्याच्यामागे शंभर जण आपलंच खरं म्हणून हटून बसलेले. सातच्या आत तू कसं ओळखणार?"

त्यांचं बरोबर होतं. म्हणून तर पदवी बघतात, तपासायला वेळ नसतो तेव्हा. पण मग पूर्ण तरी बघायला हवी. सरांची डॉक्टरेट घनपदार्थांच्या भौतिकीतली होती. हवामानावरचा त्यांचा एकही शोधनिबंध मला सापडला नव्हता. अमेरिकेत माणसामुळे घातक तापमानवाढ होते आहे हे नाकारणारं एक निवेदन १९९८ पासून फिरत होतं. त्यावर ३१ हजारांहून जास्त सह्या झाल्या, आणि सही करायला विज्ञानाच्या कुठल्याही शाखेची पदवी चालत होती. डॉक्टर चालत होते, अभियंते चालत होते. सह्यांचा आकडा ऐकून लोक दबले, शाखा कुणी विचारली नाही.

शेवटी संपादक म्हणाले, तुझ्या जबाबदारीवर. घाईघाईत मी बाईंच्या नावाखाली लिहिलं, 'वायुमापन तज्ज्ञ'. सरांच्या नावाखाली, 'ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ'.

सरांनी पहिल्याच वाक्यात मोठा मुद्दा टाकला. कार्बन डायऑक्साइड जी अवरक्त (इन्फ्रारेड) किरणं शोषतो, ती आधीच सगळी शोषली जातात. खिडकीला एक काळा पडदा लावल्यावर दुसरा लावून अंधार वाढत नाही.

बाई म्हणाल्या, "आमच्या यंत्रात वायू वाढला की शोषण वाढतंच. तेवढ्यावरच तर आम्ही मोजतो. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर कीलिंग या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये अशाच अवरक्त यंत्राने मोजायला सुरुवात केली. तेव्हा दहा लाखांत ३१५ भाग होते, आज ४२० च्या वर आहेत."

"तुमच्या यंत्रातली नळी केवढी?" सर म्हणाले. "हवा कित्येक किलोमीटर जाड आहे. आणि तुमचं यंत्र ४.३ मायक्रॉन तरंगलांबीच्या किरणांवर मोजतं. पृथ्वीची उष्णता अडते ती १५ मायक्रॉनच्या आसपास."

बाई गप्प झाल्या. माझ्या पोटात गोळा आला. त्यांना मी बसवलं होतं.

"सरांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "यंत्रावरून मी हवेबद्दल बोलले, ते चुकलं. आकडे कसे मोजतात, ते खरे का मानायचे, हे मी सांगू शकते. हवेत वर काय होतं ते माझं काम नाही. ज्यांचं आहे, त्यांना विचारा."

इतक्या वर्षांत माझ्या कार्यक्रमात लाइव्ह चालू असताना असं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

मी टॉकबॅकवर, म्हणजे कानातल्या यंत्रावरून, अँकरला ब्रेक घ्यायला सांगितलं आणि शास्त्रज्ञांना फोन लावला. दवाखान्याच्या बाहेर उभं राहून त्यांनी फोनवरून कार्यक्रमात बोलायला होकार दिला. दोनच मिनिटं बोलले. जमिनीजवळचं शोषण भरलेलं आहे हे सरांचं म्हणणं १५ मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबींच्या पट्ट्यात, त्याच्या मध्यापुरतं खरं आहे, कडांना अजून जागा आहे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, उष्णता शेवटी अवकाशात निसटते ती वरच्या विरळ हवेतून. वायू वाढला की निसटण्याची ती उंची वाढते. तिथे हवा जास्त थंड, थंड हवा कमी उष्णता बाहेर टाकते. आत येणारी तेवढीच, बाहेर जाणारी कमी, मग खाली तापणारच. १९७० आणि १९९७ मध्ये उपग्रहांनी वरून मोजलेले वर्णपट शेजारी ठेवले तर १५ मायक्रॉनच्या पट्ट्याच्या कडेला हा फरक दिसतो. पडद्याचा हा आक्षेप नवा नाही, म्हणाले, १९०० साली स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ आंगस्ट्रॉम यांच्या प्रयोगावरून तोच निघाला होता.

सरांच्या एका वाक्याला उत्तर द्यायला माझ्या स्टुडिओत कुणी नव्हतं, आणि ज्यांच्याकडे होतं त्यांनी त्यासाठी आयुष्य घातलं होतं. अभ्यासाला पर्याय नाही, हे मी त्या फोनवर ऐकलं. पदवी त्या अभ्यासाची खूण असते, आणि ती त्याच विषयाची असेल तरच.

अँकरने सरांना विचारलं, उंचीच्या मुद्द्यावर, उपग्रहांच्या मोजमापांवर काय म्हणाल? ते म्हणाले, हवामानाच्या प्रारूपांवर (मॉडेल्सवर) माझा विश्वास नाही. मोजमापांचं विचारलं होतं. ते पुन्हा पडद्याकडे वळले आणि वेळ संपली.

रात्री पुनःप्रक्षेपणासाठी पट्ट्या तपासत होते. दोघांनाही मी मेसेज केला होता, काही बदलायचं आहे का. सरांना मी 'घनपदार्थ भौतिकी' सुचवलं होतं. त्यांनी आहे तेच ठेवायला सांगितलं. बाईंचं उत्तर साडेदहाला आलं. 'तज्ज्ञ' काढा, वायुमापन यंत्रांच्या कॅलिब्रेशनचा २६ वर्षांचा अनुभव, एवढंच लिहा. पट्टीत ते मावेना. मी अक्षरं लहान केली आणि बसवलं.