पेट्रोलचा वास येतोय पण थेंब कुठंच दिसत नाही

आपल्याकडं परभणीत मे महिन्यात पेट्रोल गळतंय हे डोळ्यांनी कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो कारण सगळा घोळ तिथनंच सुरू होतो. पारा ४२-४३ ला गेलेला, इंजिन तापलेलं, अशात पाईपातनं पाझरलेलं पेट्रोल खाली पडायच्या आतच उडून जातं. गाडीखाली वाकून बघावं तर फरशी कोरडी ठणठणीत, आणि दार उघडलं की भपकन वास. आमच्या ८०० चं असंच झालं. १९९७ ची कार्बोरेटरवाली (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा जुना पार्ट असलेली) मारुती, वडिलांनी घेतलेली, अजून जिंतूर-मानवतला जाणं-येणं तिच्यावरच आहे आणि ती विकायचा विषय घरात कुणी काढत नाही.

सुरुवातीला एका गॅरेजात दाखवली तर त्यांनी वास घेतल्या घेतल्या कार्बोरेटर खोलायला काढला, नवीन किट टाकलं, आत येणारं पेट्रोल अडवणारी नीडल बदलली, तिला वर-खाली करणारा फ्लोट सेट केला, बिल झालं आणि वास होता तिथंच. याचा मला खरंच राग आला, पैशासाठी नाही एवढा, पण गळती नेमकी कुठंय हे न बघता पार्ट बदलायची जी सवय लागलीय ना सगळीकडं, तिच्यापायी जुन्या गाड्या बदनाम होतात आणि भंगारात जातात. कार्बोरेटर बिचारा चांगला होता.

मग गंगाखेड रोडवर एक म्हातारे मेस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात, त्यांच्याकडं गेलो.

"चाचा, पेट्रोलचा वास यायलाय गाडीत."
"कवा येतो?"
"सारखाच येतो की."
"सारखा नाही येत भाऊ. कवा येतो ते नीट बघून या, मंग बोनेट उघडू."

हे वाक्य मी आता ज्याला त्याला सांगतो. कारण वास कधी येतो यावरच निम्मं निदान होतं. गाडी चालू असताना किंवा बंद केल्या केल्या बोनेटपाशी वास येत असेल तर पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा पाईप बघायचा, कारण तिथं पेट्रोल दाबानं जातं. बंद केल्यावर गरम इंजिनवर वास वाढत असेल आणि परत स्टार्ट करताना इंजिन गुदमरत असेल तर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय का बघा, नीडल नीट बसत नसेल. टाकी फुल केली की वास आणि अर्ध्यावर आली की गायब, तर गळती वरच्या अंगाला आहे, म्हणजे पेट्रोल भरायच्या तोंडाचा जाड रबरी पाईप, पेट्रोलच्या काट्याच्या युनिटखालचं पॅकिंग, नाहीतर टाकीच्या डोक्यावरचे छोटे पाईप. आणि ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची लेव्हल न भरता वाढलेली दिसली तर एसी पंपाचा डायफ्राम फाटलाय, पेट्रोल सरळ ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय, अशी गाडी अजिबात चालवायची नाही, ऑइल पातळ होऊन इंजिनच बसतं. (एसी पंप म्हणजे थंड हवेचा एसी नव्हे, कॅमच्या जोरावर चालणारा साधा पेट्रोल पंप, मेस्त्री लोक त्याला एसी पंपच म्हणतात.)

आमच्या गाडीचं बघितलं तर दोन वेगवेगळ्या तऱ्हा निघाल्या. बोनेटपाशी गाडी चालू असताना थोडा वास, आणि मागच्या सीटपाशी टाकी फुल केल्यावर जास्त. त्यात चढाला गाडी कधीमधी अडखळायची, त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं तेव्हा डोक्यातच आलं नाही.

चाचांनी सकाळी लवकर बोलावलं, इंजिन गार असताना. दुकानात पोऱ्यानं नुकतीच उदबत्ती लावलेली, ती आधी बाहेर लांब नेऊन ठेवायला लावली, बॅटरीचं मायनस टर्मिनल काढलं, वायरवाला बल्ब बाजूला सारून सेलची एलईडी बॅटरी घेतली. मग पंप, पाईप, सगळे जोड फडक्यानं कोरडे पुसले आणि वरनं तोंडाला लावायची साधी पावडर भुरभुरली. मायनस परत जोडून इंजिन चालू केलं, जरा वेळ तसंच ठेवून बंद केलं. पंपाच्या आउटलेटला क्लिपच्या बरोबर खाली पांढऱ्या पावडरीत एक बारीक ओली रेघ, नखाएवढी. बाकी सगळीकडं पावडर जशीच्या तशी. ओलं कुठवर पोचलंय त्याला महत्त्व नाही, ती रेघ वर कुठनं सुरू होते तिथं चोर. पेट्रोल पाईपावरनं घरंगळत लांब जातं आणि भलत्याच पार्टवर आळ येतो.

तो पाईप काढून चाचांनी बोटांत वाकवला आणि माझ्यापुढं धरला. वरनं काळा कुळकुळीत, पण वाकवल्यावर उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगाच भेगा, आणि आतली कड नखानं खरवडली तर भुकटी पडत होती. क्लिप वर्षानुवर्षं जिथं आवळलेली तिथं तर गोल चिरच गेलेली.

मागची गळती काढायला टाकी उतरवावी लागली. हे काम पिटात उतरून करायचं नाही, उघड्यावर करायचं, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती खड्ड्यात साचून बसते आणि एका ठिणगीची वाट बघते. पेट्रोल शून्याखाली ४० अंशाच्या आसपास सुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग आपल्या उन्हाचा विचार करा. टाकी खाली आली तेव्हा दिसलं, टाकीच्या डोक्यावर लोखंडी नळीला जोडणारा वीतभर रबरी पाईप वरच्या बाजूनं तडकलेला. गाडीखालनं कितीही वाकून बघितलं असतं तरी तो दिसणारच नव्हता. टाकी फुल असली की तिथनं पाझरायचं, आणि इंजिन चालू असताना त्याच तड्यातनं पंप हवा ओढायचा. चढाला अडखळायचं कारण ते! पंपाच्या अलीकडचा, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतचा पाईप फाटला तर पेट्रोल बाहेर येण्यापेक्षा हवाच आत जाते, म्हणून तिथं थेंब दिसत नाही आणि लोक उगाच प्लग न् कॉइल बदलत बसतात.

आता पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलचं. सगळे म्हणतात इथेनॉलनं पाईप खाल्ले. माझं मत असं आहे की इतक्या जुन्या रबराचं आयुष्य तसंही संपलेलं होतं, पण इथेनॉलनं जुनं रबर लवकर बाद होतं आणि इथेनॉल पाणी धरतं, त्यानं लोखंडी टाकीला आतनं गंज चढतो, हेही खरं आहे. २००१ साली मनमाड आणि मिरजेला याचे पहिले प्रयोग झाले, २००३ पासून आपल्या राज्यात ५ टक्के आलं, २०२२ ला १० आणि २०२५ ला २० टक्क्यांवर गेलं. आमची गाडी बनली तेव्हा यातलं काहीच नव्हतं. उसाला भाव मिळतोय, आपल्याच भागातल्या कारखान्यांच्या डिस्टिलरी चालतायत, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण मग जुनी गाडी ठेवणाऱ्यानं तिचे रबरी पाईप एकदा सगळेच्या सगळे बदलून घ्यावेत, फक्त गळणारा नाही. एक बदलला की दुसरा पुढच्या उन्हाळ्यात तडकतो.

पाईप घेताना अंगावर छापलेलं वाचा. एसएई जे ३० आर ९ (SAE J30R9) लिहिलेला मिळाला तर तोच घ्या, त्याचा आतला थर इथेनॉलला टिकणारा असतो, आर ७ त्याच्या खालचा. रस्त्यावरचे काही जण गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाईप कापून लावतात, ती कृपा करून लावू देऊ नका, इंजिनच्या गरमीनं मऊ पडून निसटते नाहीतर काचेसारखी कडक होऊन फुटते. तारेचे वेढे नको, एमसील नको. क्लिप नवीन घ्या आणि बेतानं आवळा, रबर चिरेपर्यंत नाही. आणि हे सगळं कार्बोरेटरवाल्या गाडीचं सांगतोय, तिथं दाब जेमतेम असतो. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाल्या नव्या गाडीत साधारण ३ बारचा दाब असतो, तिथं गळती म्हणजे कारंजं, ते काम घरी करायचंच नाही.

चालवताना वास एकदम वाढला तर गाडी कडेला, चावी बंद, आधी माणसं खाली उतरवा. पेटलंच तर पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. माती टाका, आणि जुन्या गाडीत पावडरवाला छोटा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी पाहिजेच, डिक्कीत सामानाखाली नाही.

आमच्या गाडीचे पुढचे-मागचे, रिटर्नचे (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारे) सगळे पाईप बदलले, क्लिपा नव्या, फिल्टर नवा. टाकी फुल करून दिवसभर उन्हात उभी केली, काचा बंद, संध्याकाळी दार उघडलं तर नुसता तापलेल्या सीटचा वास. चढाला पण आता नीट ओढते. टाकीच्या झाकणाचं रबर तेवढं बदलायचं राहिलंय, परभणीत मिळेना, नांदेडला विचारून ठेवलंय, कुणाला जालन्यात किंवा संभाजीनगरला जुन्या मॉडेलचं चांगलं मिळालं असेल तर दुकान कुठल्या भागात आहे ते सांगा.