कुशीवर वळलं की घर का फिरतं?

“रात्री कूस बदलली की खोली गरगर फिरते. मानेचे मणके झिजलेत का? एक्स-रे काढू?” हे विचारणारे बरेचजण मानेला पट्टा लावूनच आलेले असतात. उतारवयात मानेच्या एक्स-रेत झीज बहुतेकांनाच दिसते, त्यामुळे दोष तिच्या माथी बसतो. पण अंथरुणात वळताना, माळ्यावरचा डबा काढायला मान वर करताना, वाकून उठताना काही सेकंद येणारी गरगर बहुधा आतल्या कानातली असते. तिला बीपीपीव्ही (डोक्याची स्थिती बदलली की येणारी, जिवाला धोका नसलेली चक्कर) म्हणतात.

आतल्या कानात एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. वयामुळे किंवा डोक्याला मार लागल्यावर ते सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत उतरतात, बहुतेक वेळा मागच्या. डोकं कललं की कण घसरतात, नळीतला द्रव हलतो आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. कण तळाशी बसले की गरगर थांबते, साधारण मिनिटाच्या आत. ऐकू येण्यात फरक पडत नाही.

निदानाला एमआरआय क्वचितच लागतो. डोकं ४५ अंश एका बाजूला वळवून रुग्णाला पटकन मागे निजवतात, डोकं पलंगाच्या कडेखाली थोडं लोंबतं. दोन-चार सेकंद काहीच होत नाही. मग डोळे झटके देत फिरू लागतात. ज्या बाजूला हे होतं, दोष त्या कानात. डिक्स आणि हॉलपाइक या डॉक्टरांनी ही तपासणी १९५२ साली मांडली.

उपाय जॉन एप्ली या अमेरिकन कानतज्ज्ञांचा. उजव्या कानासाठी: पलंगावर पाय लांब करून बसा, डोकं ४५ अंश उजवीकडे. खांद्याखाली उशी येईल असं झटकन मागे निजा. गरगर थांबेपर्यंत, निदान ३० सेकंद थांबा. डोकं न उचलता ९० अंश डावीकडे वळवा, पुन्हा थांबा. मग अंगासकट डाव्या कुशीवर वळा, नाक जमिनीकडे. थांबा. हनुवटी छातीशी ठेवून डावीकडून उठून बसा. डाव्या कानाला सगळं उलट.

फसतं ते घाईमुळे. गरगर सुरू झाली की माणूस घाबरून डोकं उचलतो, आणि कण मागे जातात. उशी डोक्याखाली घेतली तरी फसतं. पोट रिकामं ठेवा, जवळ कुणीतरी असू द्या. मानेला इजा, संधिवात किंवा नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया असेल तर घरी करूच नका.

चक्करच्या गोळ्या कण हलवत नाहीत. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन महिनोन्‌महिने घेणाऱ्या वृद्धांच्या हाताला कंप सुटतो, चाल मंदावते. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून फार वाईट वाटतं.

गरगर तासन्‌तास टिकते, कान भरल्यासारखा वाटतो, ऐकू कमी-जास्त येतं, तर मेनिअर्सचा, म्हणजे आतल्या कानाच्या दुसऱ्या एका आजाराचा, विचार करावा लागतो. सलग दिवसभर किंवा त्याहून जास्त राहिली तर बहुधा तोलाच्या नसेला सूज असते. पण पक्षाघातही असाच सुरू होऊ शकतो, म्हणून तपासणी त्याच दिवशी. बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, उभंच राहता न येणं, यांत एक मिनिटही घालवू नका. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मळ समजून तेल घालत बसू नका. त्यावर स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो.

बीपीपीव्ही परत येऊ शकतो. तेव्हा कान कोणता ते नव्याने तपासून घ्या. दर वेळी तोच असेल असं नाही.