चौकटीच्या कागदावरची काठी

रविवार, ७ जानेवारी. रात्रीचे साडेदहा.

तीन आठवड्यांनी आज ट्रंक उघडली. वडिलांची पत्र्याची ट्रंक, तळाशी चौकटीच्या कागदांचा गठ्ठा. कडा पिवळ्या पडल्यात, चौकोन मात्र अजून तसेच निळसर आणि स्वच्छ. वडील चादरीच्या नक्ष्या काढायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील जेवण झाल्यावर दिव्याखाली बसून बारीक बारीक चौकोन रंगवत असतील. मोर, वेल, कमळ. एक चौकोन म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जिथं भेटतात ती जागा. चौकोन भरला तर उभा धागा वर, रिकामा ठेवला तर खाली. मग त्या कागदावर बघून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, पट्ट्या दोरीनं एकमेकींना शिवून लांबलचक माळ करायची आणि ती मागाच्या डोक्यावरच्या जकार्डवर चढवायची. भोक आलं की त्या जागचा धागा उचलला जातो, नसलं की जागेवर राहतो. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लियाँ शहरात जकार नावाच्या माणसानं ही युक्ती बसवली. ती फिरत फिरत सोलापूरच्या पूर्व भागातल्या पत्र्याच्या शेडपर्यंत आली आणि आमच्या घरची चूल त्यावर चालली.

वडील गेल्यावर हे कागद रद्दीत घालवेनात. दोन वर्षांपूर्वी एका रात्री सहज एक भरला. ४८ आडवे, ४८ उभे चौकोन, त्यात आमच्या मोरीतली पाण्याची घागर. तेव्हापासून सवय लागली. दिवसभर अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, आणि रात्री भांडी झाली की तास-दीड तास चौकोन भरते. कडक भाकरीची चळत काढली. पाणी येणार त्या दिवशी गल्लीभर लागणारी पिंपं काढली. कंबर तलावावरचा बगळा काढला, तो मात्र बदकासारखा झाला.

हे सगळं मी एका गटात टाकते. वाचनालयात पुस्तकं बदलताना ओळखी झालेल्या सहा जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू केलेला गट आहे, आता आम्ही २३ आहोत. नियम एवढाच, की टाकायचं ते स्वतःच्या हातचं किंवा स्वतःच्या मनातलं. दुसऱ्याचं पुढं ढकललेलं काही नाही, सुप्रभातही नाही. छोटं असलं तरी चालतं, अर्धं असलं तरी चालतं.

आज नवीन कागदावर चौकट आखली आणि तशीच ठेवली. काय काढायचं ते अजून ठरेना.

सोमवार.

आज विडी घरकुलातल्या मुलीनं बाराव्या पक्ष्याचा फोटो टाकला. तिची आई विड्या वळते. रात्री पानं भिजवायची, सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायची, मग दिवसभर तंबाखू भरून वळत बसायचं. हजाराच्या हिशेबानं मजुरी. फर्म्याच्या बाहेरचं जे पान कापून पडतं, शिरांचं, टोकांचं, त्याचे ही मुलगी पक्षी करते. पानाची मधली शीर तिच्या पक्ष्याच्या पाठीचा कणा होते. देठाकडचं टोक चोच. आजचा खंड्या होता. रंग सगळा तपकिरीच, पण मान अशी खाली घातलेली की पाण्यावर नजर लागलीय हे कळतं.

खाली तिनं लिहिलं होतं, “अक्का, आज आईनं विचारलं, कचऱ्याचं काय करतीस. मी दाखवला. आईनं तो खिडकीत ठेवला.”

मी ते दोनदा वाचलं. बारा पक्षी आम्ही तेवीस जणांनी बघितले होते, आईनं आज पहिला बघितला.

नातेवाइकांच्या एका गटात मी एकदा माझी घागर टाकली होती. पहिलाच प्रश्न आला, “हे विकतेस का? कितीला?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला उत्तर देता येईना. कितीला? दीड तासाला? वडिलांच्या एका कागदाला? त्यानंतर तिथं काही टाकलं नाही. या गटात आजवर कुणी किंमत विचारलेली नाही. इथं विचारतात, “घागरीचा काठ असा का वाकलाय?” आणि मग मी मोरीत जाऊन परत बघते. काठ खरंच वाकलेला असतो. वीस वर्षं ती घागर उचलते मी, आणि काठ कुठं चेपलाय ते मला दुसऱ्याच्या प्रश्नामुळं दिसलं.

बुधवार.

ठरलं. गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, तोंडावर आलीय, रस्त्यावरून जाताना नंदीध्वजाचा सराव दिसला आणि ठरलं. काठी काढायची.

सोलापूरच्या माणसाला काठी समजावून सांगावी लागत नाही, पण ही वही पुढं कुणी बाहेरगावचं वाचेल म्हणून लिहून ठेवते. सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. उंच, जड काठ्या. एक जण तोलून धरतो, भोवती बाकीचे सांभाळायला. बाराव्या शतकातल्या सिद्धरामांशी लग्न करायची इच्छा एका कुंभारकन्येनं धरली, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितलं, अशी कथा आहे. त्या लग्नाच्या अक्षता भोगीच्या दिवशी सिद्धेश्वर तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर पडतात. आजी सांगायची, “आपल्या गावात दरवर्षी एक लग्न असं असतं की त्याला सगळं गाव वऱ्हाडी.”

काढायला बसले तर काठी सगळ्यांत सोपी वाटली. कागदाच्या मधोमध एक उभी ओळ, ४० चौकोन एकावर एक. टोकाला बाशिंग. खाली माणूस. बाशिंगावर तास गेला, माणसाच्या पांढऱ्या बाराबंदीवर अर्धा तास. काठी पाच मिनिटांत झाली.

फोटो काढून गटात टाकला आणि बघितलं तर काठी काठीसारखी दिसतच नव्हती. पानावर आखलेला समास दिसत होता. लगेच काढून टाकला. एक मिनिटही राहिला नसेल.

तरी खाली अशोक चौकातल्या मामांचा निरोप आला. “काढलीस काय? बघितली मी. परत टाक.”

मामांनी ३० वर्षं माग चालवला आणि पुढं नक्ष्या बांधायचं काम केलं. घरी तेलुगू, बाजारात मराठी. गटात ते फारसं बोलत नाहीत. कुणाचं काही आवडलं की “बागुंदी” एवढंच लिहितात.

मी परत टाकला नाही.

शुक्रवार, १२ जानेवारी.

आज सोलापूरचा हुतात्मा दिन. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना फाशी झाली. गटातले रिक्षावाले दादा सकाळी चौकात थांबले होते. त्यांनी पुतळ्यांचा फोटो टाकला नाही, चार ओळी टाकल्या. शाळेची पोरं रांगेत उभी होती, त्यांतल्या एकानं चारही नावं न अडखळता म्हटली आणि पाचवं नाव म्हणून स्वतःचं सांगितलं, बाई हसल्या नाहीत, त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. एवढंच. दादांनी आयुष्यात पहिल्यांदा असं काही लिहिलं म्हणे. मी त्यांना सांगितलं, ‘बाई हसल्या नाहीत’ हे जे लिहिलंत ते फार खरं आहे. त्यांचं उत्तर दुपारी आलं, “ते काढून टाकणार होतो.”

शनिवार. तैलाभिषेक.

आज नंदीध्वज यात्रेचे मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यातून निघून ६८ लिंगांना तेलाचा अभिषेक करत गावभर फिरले. आम्ही यण्णीमज्जन म्हणतो, शब्द कानडी आहे. कारखान्यात महिन्याचं काम अडलेलं, त्यामुळं मला जाता आलं नाही. पण दुपारभर गटात गाव येत राहिलं. कुणी पांढऱ्या गर्दीवर उडालेली हळद टिपली. एका मावशींनी त्यांच्या दारातल्या रांगोळीचा फोटो टाकला, नंदीध्वज जाऊन आल्यावरचा, म्हणजे सगळी पावलांनी पुसलेली.

रात्री धीर करून काठी परत टाकली. खाली लिहिलं, “मामा, ही उभीच राहत नाही.”

मामांनी लिहिलं नाही, आवाजात पाठवलं. तीन मिनिटं. मी ते जसं ऐकलं तसं इथं उतरवते.

“पोरी, चूक तुझ्या हाताची नाही. तू कागदाचा विचार केलीस, धाग्याचा केली नाहीस. तुझी काठी म्हणजे एकच उभा धागा, ४० वेळा वर. मध्ये कुठंच दबत नाही. असा धागा कापडावर मोकळा लोंबतो. धुण्यात अडकतो, पोराच्या बोटात अडकतो, ओढला की नक्षी गेली. रिकामी जमीन, म्हणजे नक्षीमागचं साधं कापड, आम्ही वेगळी बांधतो, त्याची काळजी तू करू नको. पण काठीला दाबावं लागतं. तुझ्या वडलांनी सांगितलं नाही काय? दोन घरं वर चढ, मग शेजारच्या ओळीत सरक, तिथं दोन चढ, मग परत माघारी ये. असं सरकत सरकत वर जा. जवळून बघितलं तर जिना दिसेल. लांबून काठी दिसेल.”

वडिलांनी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. त्यांच्या मोरांच्या पिसांमध्ये मध्येच एकेक रिकामा चौकोन असायचा आणि मला वाटायचं, तो रंगवायचा राहिलाय. एकदा तर मी लहानपणी बसून असे दहा-बारा चौकोन त्यांच्या नकळत भरून टाकले होते. ते ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद पहिल्यापासून पुन्हा केला. तेव्हा मला कळलं नव्हतं की ते चौकोन म्हणजे टाके होते, पिसं कापडाला धरून ठेवणारे.

आज मामांचं बोलणं संपल्यावर मी बराच वेळ फोन हातात धरून बसले होते.

भोगी.

सकाळी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, भोगीची भाजी. घरातलं उरकून लेकीला घेऊन तळ्याकडं निघाले. संमती कट्ट्याजवळ पोचणं शक्यच नव्हतं. आम्ही लांबच उभ्या राहिलो, कठड्याला टेकून. माणसांवर माणसं, सगळी पांढरी. संमती वाचन सुरू झालं तसा गलबला कमी झाला. मग “सत्यम्, सत्यम्” आणि चारी बाजूंनी अक्षता. आमच्या हातातल्या अक्षता पुढच्या माणसाच्या पाठीवरच पडल्या असतील, पण पडल्या.

मी मात्र आज काठीकडं बघत होते. चाळीस वर्षं बघतेय, पण असं कधी बघितलं नव्हतं. ती सरळ नसते! ती उभी असते, पण सरळ नसते. पेलणारा पाऊल टाकतो, की ती थोडी डावीकडं जाते. तो कंबर सावरतो, की उजवीकडं येते. वरचं बाशिंग तर सारखं डुलत असतं. डावीकडं, माघारी, उजवीकडं, माघारी. मामांनी धाग्यासाठी सांगितलेलं सरकणं ते हेच. मी लेकीचा दंड धरून म्हटलं, “बघ, जिना बघ.” तिला काही कळलं नाही, ती म्हणाली, “आई, कुठाय जिना?”

संक्रांत.

शेंगाच्या पोळ्या झाल्या. कूट जास्त झालं, पोळ्या फुटल्या, तरी संपल्या. संध्याकाळी होम मैदानावर गेले नाही, काठी परत काढली. दोन घरं वर, एक बाजूला, दोन वर, माघारी. ४० घरांना २० पायऱ्या. बाराव्या पायरीला चुकले, एकाच ओळीत चार भरले गेले, खोडरबरानं कागद उसवला. वडिलांचे उरलेले कागद मोजकेच आहेत. तरी नवा घेतला.

पूर्ण झाला नाही. बाशिंग राहिलं, माणसाचा एक पाय राहिला. तसाच टाकला. नुसती काठी होती आणि खाली दीड माणूस.

सगळ्यांत आधी पक्षीवाल्या मुलीनं लिहिलं. “अक्का, हलायलीय.”

किंक्रांत.

आज रात्री शोभेचं दारूकाम. गच्चीवरून आभाळ दिसत होतं, शेजारची पोरं ओरडत होती. मी जिन्याच्या दिव्याखाली बसून बाशिंग पूर्ण केलं, पाय पूर्ण केला. वडिलांसारखं आठवणीनं मध्ये मध्ये एकेक चौकोन रिकामा ठेवला. लेक येऊन बघून म्हणाली, “हे भरायचे राहिले.” मी तिला शेजारी बसवलं आणि धागा वर कसा राहतो, खाली कसा दबतो ते दाखवलं. तिनं पेन्सिल घेऊन रिकाम्या चौकोनांवर बारीक ठिपके दिले, म्हणजे कुणी चुकून भरणार नाही.

फोटो टाकला. दादांनी लिहिलं, त्यांच्या रिक्षात आज एक म्हातारी बसली होती, ती रस्ताभर हर्र बोला हर्र म्हणत होती, हे चित्र तिला दाखवायला हवं होतं. रांगोळीवाल्या मावशींनी विचारलं, माणसाच्या पायात काही नाही का. नाही, अनवाणीच आहे.

मामांचं उत्तर साडेअकराला आलं. तोवर फटाके थांबले होते.

“आता मागावर चढेल. बागुंदी. बाकीच्या सहा कुठं आहेत?”

ट्रंकेतून सहा कागद काढून ठेवलेत. लेकीनं पेन्सिलीला टोक करून दिलंय.