पार्ट श्रद्धेनं पास करतोस का?

भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर, नाहीतर प्लग गेज. गेजचं 'गो' टोक बुशमध्ये, म्हणजे आतून पोकळ अशा धातूच्या नळकांडीत, गेलं आणि 'नो गो' अडलं, की बुश हिरव्या पेटीत. नाहीतर लाल पेटी. चार वर्षांपूर्वी नाताळच्या आसपास चहाच्या सुट्टीत टूलरूमच्या मित्रानं सहज विचारलं, "काय रे, तुमचा येशू काश्मीरला येऊन गेला होता ना?"

मी तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. आजोबा नगरहून आले तेव्हापासून आम्ही नाना पेठेत. रविवारची उपासना, शब्बाथशाळेत पाठ केलेली वचनं, रेव्हरंड टिळकांची भजनं, सगळं अंगवळणी पडलेलं. उत्तर मात्र एक सुचेना. म्हणालो, "तो श्रद्धेचा विषय आहे."

"मग पार्टही श्रद्धेनं पास करतोस का?"

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी जाताना नाशिक फाट्याच्या सिग्नलला ते वाक्य पुन्हा कानात वाजलं. रोज शंभर बुश तपासणारा माणूस, आणि ज्यावर जन्म काढायचा ते एकदाही गेजला लावून पाहिलेलं नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक निवृत्त शिक्षक शनिवारी संध्याकाळी सात-आठ जणांना घेऊन बसत. 'विश्वाससमर्थन' असं त्याला भारदस्त नाव होतं. आम्ही नुसतं 'शनिवार' म्हणायचो. पहिल्याच दिवशी सरांनी पेत्राच्या पहिल्या पत्रातला 3:15 काढायला लावला. तुमच्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, असं तिथं आहे. उत्तरासाठी मूळ ग्रीक शब्द 'अपोलोगिया', म्हणजे कोर्टात आरोपीनं मांडलेली बाजू. "आणि त्याच वचनात पुढं 'सौम्यतेने' असंही आहे," सर म्हणाले. हे पुढचं माझ्या कानावरून गेलं. मला तर टूलरूमवाल्याला गार करायचं होतं.

काश्मीरचं प्रकरण तसं लवकर सुटलं. नोटोविच नावाच्या रशियन लेखकानं 1894 साली पुस्तक काढलं: लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतातल्या वर्षांची पोथी सापडली म्हणून. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या कॉलेजातले डग्लस नावाचे प्राध्यापक हेमिसला पोचले. अशी पोथी आमच्याकडे नाही, असं मुख्य लामांनी त्यांना सांगितलं. श्रीनगरच्या रोझाबलची, म्हणजे येशूची म्हणून दाखवतात त्या कबरीची, गोष्ट वेगळी. ती अहमदिया पंथाच्या मिर्झा गुलाम अहमद यांनी मांडलेली. दोन्हींची खिचडी होऊन ती आमच्या चहाच्या टेबलावर आली होती.

मी हे सगळं सोमवारी धाडधाड ऐकवलं. मित्र म्हणाला, "बरं." संपलं. आठवडाभर घोकलेलं भाषण, आणि समोरून एक 'बरं'.

पहिलं वर्ष मी जरा असह्यच झालो होतो. बायको म्हणायची, जेवायला बसलं की तुमची साक्ष सुरू. मोबाईलवर येईल ते साठवत होतो. यहोशवासाठी सूर्य थांबला असं बायबलमध्ये आहे, तो हरवलेला दिवस 'नासा'च्या कॉम्प्युटरला सापडला, हेही त्यातच. सरांना कौतुकानं दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "ही बनावट गोष्ट पन्नास वर्षं फिरतेय. तुमच्या कारखान्यात खराब माल निघाला तर काय करता?" म्हटलं, लाल पेटीत टाकतो, पेटीला कुलूप असतं, नाहीतर तोच माल फिरून लाईनवर येतो. "मग?"

त्या रात्री वहीची शेवटची पानं लाल पेनानं आखली. लाल पेटी. पहिला माल 'नासा'. दुसरा जोसेफस. या यहुदी इतिहासकारानं इसवी सन 93 च्या सुमारास लिहिताना 'हाच ख्रिस्त होता' अशी कबुली दिली, असं मी छातीठोकपणे सांगायचो. पण ती वाक्यं नंतरच्या ख्रिस्ती लेखनिकांनी घुसडली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. परिच्छेदाचा गाभा मूळचा असावा, असंही बरेच म्हणतात. म्हणजे तेवढंच उचलायचं. त्यापेक्षा रोमन इतिहासकार टॅसिटस बरा. तो ख्रिस्ती लोकांना शिव्या घालत घालतच सांगतो, की तिबिर्य बादशहाच्या राज्यात रोमन सुभेदार पंतय पिलातानं ख्रिस्ताला देहदंड दिला.

मला सगळ्यात आवडली ती योहानाच्या शुभवर्तमानाची चिठोरी. मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयात आहे, साधारण 9 बाय 6 सेंटीमीटर. मी जुन्या कॅलेंडरचा तेवढा कागद कापून पाहिला, बसच्या पासाएवढा. त्यावर पिलातासमोरच्या चौकशीच्या तुटक ओळी, दोन्ही बाजूंनी. मी वहीत 'इ. स. 125' लिहिलं होतं. सरांनी ते खोडलं. अक्षराच्या वळणावरून काढलेली तारीख, एवढी नेमकी येत नाही. दुसरं शतक म्हण, काही जण तर त्याहून पुढं सरकतात. मला उलट बरं वाटलं. टॉलरन्स, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल ते, नसलेलं ड्रॉइंग आलं, की मला आधी ड्रॉइंगचाच संशय येतो.

लाल पेटीतला सगळ्यात जड माल मात्र माझ्या लाडक्या पत्रकातून आला. भविष्यपुराणात शालिवाहन राजाला 'ईशपुत्र' भेटतो, म्हणजे हिंदू ग्रंथांनीच येशूची साक्ष दिली, असं त्यात होतं. टूलरूमवाला म्हणाला, "माझ्या काकांना दाखव. संस्कृत शिकवायचे." काका सदाशिव पेठेत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाना पेठेतले ना तुम्ही? चहा घ्या. आता ग्रामण्य होत नाही."

1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीनं वाळीत टाकण्याचा खटला, झालं होतं, त्यावरून हा टोमणा. पंचहौदचा मनोरा आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी म्हटलं, "तेव्हा चहा आमच्याकडचा होता, आज तुमच्याकडचा." काका पहिल्यांदा हसले.

पत्रक त्यांनी दोनदा वाचलं. "हा उतारा प्रतिसर्गपर्वातला. याच पर्वात मोगल येतात, इंग्रज येतात. मग हे कधी लिहिलं असेल? आणि समजा जुनं असतं, तरी तुम्ही बाकीचं पुराण मानता का? नाही ना? मग एवढंच बरं सोयीचं वाटतं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. वही काढून त्यांच्यासमोरच लाल पानावर लिहिलं. ते बघत होते. "हे काय?" मी लाल पेटी समजावून सांगितली. त्यावर काका थोडा वेळ गप्पच राहिले. मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या. तुमचं ते नवा करार का काय, घेऊन या."

त्याच सुमारास क्लासमध्ये नीलकंठशास्त्री गोरे वाचायला घेतले होते. काशीत वाढलेला चित्पावन, मिशनऱ्यांना खोडून काढायला निघाला आणि 1848 साली स्वतःच बाप्तिस्मा घेऊन बसला. त्यांच्या 'षड्दर्शनदर्पणा'त सहाही दर्शनांचं खंडन आहे. बुद्धी अफाट, पण सूर मला झेपला नाही. काकांच्या घरी तो सूर लावला असता, तर दुसरा चहा मिळाला नसता.

सांगायला कुठं सुरुवात करायची, यावरही एक शनिवार गेला. राज्यघटनेच्या 25व्या कलमात धर्माच्या प्रसाराचा हक्क आहे. पण 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. क्लासमधल्या दोघांना हे खटकलं. मला सोयीचं वाटलं. आपलं काम माल दाखवण्याचं, घ्यायचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवेल.

एकदा मात्र पार चुकलो. आमच्या हेल्परची बायको वारली होती. महिन्याभरानं त्यानं विचारलं, "साहेब, देव असतो तर असं का?" देवानं माणसाला स्वतंत्र इच्छा दिली, इथपासून मी सुरुवात केली. तो ऐकत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "साहेब, चहा गार होतोय." तेव्हापासून हा प्रश्न कुणी विचारला, की वही खिशातच ठेवतो.

काकांकडे जाणं अजून चालू आहे. नव्या करारातलं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र त्यांनी पेन्सिलच्या खुणांनी भरवून टाकलंय. मागच्या शनिवारी पंधराव्या अध्यायावर बोट ठेवून म्हणाले, "पौल हे 55 च्या आसपास लिहितो, म्हणजे येशूला क्रुसावर दिल्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत. हे मला मान्य. मेलेल्यातून उठल्यावर पाचशेहून अधिक जणांना येशू एकदम दिसला, त्यातले बरेच हयात आहेत, असंही लिहितो. पण नावं पेत्राचं नि याकोबाचंच. त्या पाचशेंपैकी एकाचं तरी द्यायला काय हरकत होती?"

मी सरांना विचारलं. त्यांनी दोन शक्यता सांगितल्या, एकही मला पटली नाही. आमच्याकडे तपासणी अपुरी राहिली, की मालाला पिवळा टॅग लावून तो वेगळ्या रॅकवर ठेवतात. लाल नाही, हिरवाही नाही. वहीत पाचशे पिवळ्या पेनानं लिहून ठेवलेत. काकांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "किती दिवस ठेवता येतं होल्डवर?"