आमची वाटचाल : शिंगाला लोंबकळणारी पोरं

नागपुरातल्या मूर्तिकारांच्या चितार ओळीत आमचं घर. आम्ही फायबरचे रंगवलेले बैल बनवतो. बाबा गणपती करायचे आणि पोळा जवळ आला की तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवायचे. ते चाकांवरचे नंदी ओढत पोरं घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे-खाऊ, मागत फिरायची, आणि कोणाच्या नंदीची झूल भारी यावरून भांडायची. १९९८ मध्ये झुरिचला फायबरच्या रंगवलेल्या गाई रस्त्यावर उभ्या केल्या होत्या, पुढच्या वर्षी शिकागोत. हे वाचलं तेव्हा मी बाबांना म्हटलं, हे तर आपलंच! ते म्हणाले, "त्यांच्या गाईला चाकं कुठं आहेत?"

तरी एक गोष्ट तिथून उचलली. पास्कल क्नापने घडवलेल्या त्या गाई तीनच प्रकारच्या होत्या: उभी, चरणारी, बसलेली. अंग मोकळं, म्हणजे रंगवणाऱ्याला जागा. नागपुरात गिऱ्हाईक आधी वाघच मागतं. पण वाघाला देवानंच रंगवून पाठवलाय, त्यावर चितारी काय करणार? आम्ही बैल धरला.

पहिला बैल एका वसाहतीच्या गेटसमोर बसवला. आठव्या दिवशी फोन, शिंग तुटलं. जाऊन बघतो तर उरलेल्या शिंगाला एक पोरगं लोंबकळतंय आणि त्याची आई फोटो काढतेय. मलाच म्हणाली, "भाऊ, जरा बाजूला व्हा ना." आधी राग आला, मग हसू. पोरं चढणारच. तेव्हापासून शिंगातली सळई मानेतल्या सांगाड्याला वेल्ड करतो, पाठीवर फायबरच्या मॅटचे दोन थर जास्त देतो आणि खुरांखालची प्लेट काँक्रीटमध्ये बोल्टने आवळतो.

उन्हानं वेगळा धडा दिला. मे महिन्यात ४५ अंशांत रेझिनमध्ये, म्हणजे फायबरच्या कामातल्या चिकट द्रवात, तो घट्ट करणारं हार्डनर नेहमीइतकंच घातलं, तर ब्रश बुडवायच्या आत बादलीतूनच धूर निघाला आणि मालाचा दगड झाला. आता उन्हाळ्यात पहाटे पाचला काम, हार्डनर कमी, माल थोडा थोडाच कालवायचा. उन्हापासून रंग जपणारा वरचा यूव्ही कोट एका गिऱ्हाइकाने "कशाला खर्च" म्हणून कापला. दोन उन्हाळ्यांत लाल बैल गुलाबी झाला, आणि त्याच कारणावरून आमचा शेवटचा हप्ता अडवला. अजून आलेला नाही.

आज आम्ही सात जण आहोत. गेल्या पोळ्याला एका शाळेने बैल मागवला. बाबांची एकच अट: चाकं लावा. पाच फुटी बैल आम्ही रस्त्यानं ओढत नेला. शाळेपर्यंत तिघांनी बोजारा दिला.